‘का’साठी रकाना नसतो

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पाहणी झाली आणि एक आकडा समोर आला. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असते. दोन्ही पाहण्यांतील बायकांची निवड सारखी नाही, त्यामुळे तुलना जपूनच करायला हवी. तरीही सतरा आणि तीन यांतले अंतर नुसत्या मोजणीच्या फरकाने भरून निघणारे नाही.

प्रकरण गाजू लागताच जिल्ह्यात नियम आला : खासगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. शस्त्रक्रिया फार होतात, तर शस्त्रक्रियेच्या दारावर पहारा बसवा, असा हा विचार. नियम वाईट नव्हता. गरज नसताना पोट फाडणाऱ्यांना आळा बसायलाच हवा होता. पण बाई मुळात त्या दारापर्यंत का चालत गेली, याचे उत्तर १३,८६१ या आकड्यात नव्हते. ते बायकांच्या बोलण्यात होते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहायचे. संडास नाही, पुरेसे पाणी नाही, पाळीचा कपडा बदलायला आडोसा नाही. एक दिवस काम बुडाले की ‘खाडा’ पडतो. त्याचा दंड, बायका सांगतात त्याप्रमाणे दिवसाला ५०० रुपयांपर्यंत, उचलीच्या हिशेबात चढतो. ओटीपोटात दुखते, अंगावर पांढरे जाते म्हणून डॉक्टर गाठला, तर ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे ऐकायला मिळते. मुले झालेली असतात. मग ही पिशवी ठेवून करायचे काय, दर महिन्याचा खाडा कशाला ओढवून घ्यायचा? पत्रकारांना, कार्यकर्त्यांना, अभ्यासकांना या बायकांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली ही हकिगत आहे. तिच्यात दंड आहे, पाणी आहे, भीती आहे, डॉक्टर आहे आणि मुले झाल्यावर गर्भाशयाचा काही उपयोग नाही ही समजूतही आहे. परवानगीचा पहारा यातल्या एकाच कडीवर बसला. बाकीच्या कड्या फडातच राहिल्या.

आरोग्याच्या अभ्यासात ‘किती’ विचारणाऱ्या शास्त्राला मान आहे. ‘का’ आणि ‘कसे’ विचारणारे शास्त्रही आहे. त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. सखोल मुलाखती, गटचर्चा, लोकांत राहून केलेले निरीक्षण ही त्याची साधने. पण वैद्यकीय महाविद्यालयांत, सरकारी अहवालांत, देणगीदारांच्या प्रस्तावांत त्याचे स्थान ताटातल्या लिंबाच्या फोडीसारखे असते. असले तर बरे, नसले तरी जेवण होते. ही समजूत रुग्णाला महागात पडते. किती महागात, ते पाहायला ‘अंगावर पांढरे जाणे’ ही एकच तक्रार पुरेशी आहे, कारण बीडच्या अनेक कहाण्यांची सुरुवात तिथूनच होते.

१९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीच्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली तेव्हा ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक आजार आढळला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. जगभर गाजलेला हा आकडा. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे फक्त गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, ही तोवरची सरकारी व्याख्या त्याने मोडून काढली. पण गावातल्या बाईने तपासणीच्या टेबलावर चढावे यासाठी आधी तिचे ऐकून घ्यावे लागले होते. बंग दाम्पत्याने याच विषयावर दुसरेही एक काम केले, त्याची चर्चा फार कमी होते. पांढरे जाण्याला बायका काय समजतात, कशामुळे होते म्हणतात, कशाला घाबरतात, हे त्यांनी बायकांच्याच शब्दांत नोंदवले. स्त्रियांचे आरोग्याविषयीचे बोलणे ऐकणाऱ्या भारतीय अभ्यासांचा एक संग्रह १९९४ मध्ये निघाला, त्यात ते आहे.

अशा नोंदी देशात इतरत्रही झाल्या आणि त्यांतून एक गोष्ट ठळक झाली. डॉक्टरसाठी पांढरे जाणे हे योनिमार्गातल्या संसर्गाचे लक्षण असते. बाईसाठी ते बहुतेक वेळा अंगातली ताकद वाहून जाणे असते. त्याच्याशी कंबरदुखी, चक्कर, हातापायांची आग, कामाचा शीण, जिवाची घालमेल हे सगळे जोडलेले असते. शब्द एक, आजार दोन.

हा फरक खरा आहे की अभ्यासकांची कल्पना, हे पुढे गोव्यात मोजूनही पाहिले गेले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २,४९४ स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. बायकांच्या तक्रारीची प्रयोगशाळेतील तपासणीशी आणि मानसिक स्थितीशी सांगड घालण्यात आली. तक्रारीचे नाते संसर्गापेक्षा नैराश्य, चिंता, घरातला ताण यांच्याशी अधिक घट्ट निघाले. खुद्द बायकांना कारण विचारले तेव्हा साधारण तिघींतली एक ताणतणाव म्हणाली, तेवढ्याच जणी शरीरातली उष्णता म्हणाल्या आणि संसर्गाचे नाव घेणाऱ्या त्यांच्याहून थोड्या कमी होत्या. डॉक्टरांच्या यादीत जे पहिले कारण, ते बायकांच्या यादीत तिसरे.

आता सरकारी दवाखान्यात काय होते ते पाहा. प्रयोगशाळा हाताशी नसते, म्हणून लक्षणावरून उपचार करायची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमाने घालून दिली आहे. पांढरे जाते म्हटले की हिरव्या रंगाचे किट. त्यात जंतुसंसर्गावरच्या गोळ्या. संसर्ग असेल तर बाई बरी होते. ज्या बाईचे पांढरे जाणे म्हणजे नवऱ्याची दारू आणि न संपणारी उचल, तिला त्या गोळ्यांनी काय होणार? ती पंधरा दिवसांनी परत येते, पुन्हा किट घेते, मग खासगी डॉक्टर गाठते, मग सोनोग्राफी होते, मग कॅन्सरचे नाव निघते. गडचिरोली आणि गोव्यात जे कागदावर आले होते, ते ध्यानात ठेवून बीडकडे पाहिले असते तर या प्रवासाचा रस्ता २०१९ च्या पुष्कळ आधी दिसला असता. इथे गुणात्मक अभ्यास आकड्यांच्या विरोधात उभा नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. गोव्याचा अभ्यास आकड्यांचाच होता. पण ‘तुमच्या मते हे कशामुळे होते’ हा प्रश्न मोजणीत यायला हवा, हे आधी कोणाला तरी बायकांच्या शेजारी बसूनच सुचलेले असते.

ऐकल्याशिवाय मोजले की काय होते, याचा भारतातला सर्वांत बोलका धडा पंजाबचा आहे. १९५० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी लुधियानाजवळच्या खेड्यांत संततिनियमनाचा एक मोठा प्रयोग केला. ‘खन्ना स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो. घरोघरी गर्भनिरोधक गोळ्या वाटल्या गेल्या, लोकांनी त्या घेतल्या, नोंदी झाल्या. जन्मदर मात्र अपेक्षेप्रमाणे हलला नाही. पुढे महमूद ममदानी हा तरुण अभ्यासक त्यातल्याच मानुपूर गावात जाऊन राहिला आणि लोकांशी बोलला. १९७२ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकात उलगडा आहे. गोळ्या घेतल्या होत्या, वापरल्या नव्हत्या. एकाने तर गोळ्यांच्या डब्या रचून चक्क एक शिल्प उभे केले होते. इतक्या लांबून आलेली भली माणसे, त्यांना नाही कसे म्हणायचे, हा गावाचा शिष्टाचार. आणि शेतावर हात हवेत, म्हातारपणी आधार हवा, म्हणून मुले हवीत, हा गावाचा हिशेब. संशोधकांच्या वहीत ‘गोळ्या स्वीकारल्या’ असे लिहिले गेले ते खोटे नव्हते, फक्त त्याचा अर्थ लावणारा कोणी वहीजवळ नव्हता. ममदानींचे सगळे म्हणणे पुढे टिकले असेही नाही. पंजाबात नंतर मुलांची संख्या घटलीच. पण त्या वेळी, त्या गावात, गोळी डबीतच का राहिली, याचे उत्तर त्यांनी शोधले.

यावर डॉक्टर मंडळींचा नेहमीचा आक्षेप असतो : वीस-पंचवीस मुलाखतींवरून काय सिद्ध होणार? प्रश्न रास्त आहे, पण चुकीच्या मापाने विचारलेला. वीस मुलाखतींवरून प्रमाण काढता येत नाही आणि कोणी काढू नये. अहवालात ‘६० टक्के महिलांनी सांगितले’ असे लिहिलेले असावे आणि त्या महिला पाच असाव्यात, असे अहवाल निघतात. ते फेकून द्यायच्या लायकीचे असतात. मुलाखतींतून शोधायची असते ती कारणांची आणि अर्थांची व्याप्ती. ती केव्हा पुरी झाली हे कळायलाही रीत आहे. नवी मुलाखत घेऊन नवे काही हाती लागेनासे झाले की थांबायचे. पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत घेतलेल्या ६० सखोल मुलाखतींवर २००६ मध्ये हे तपासून पाहण्यात आले, तेव्हा बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. अर्थात, सारख्या परिस्थितीतल्या बायका आणि नेमका विषय असेल तेव्हाच हे लागू पडते. ऊसतोड मजूर, मुकादम, डॉक्टर आणि सासवा या सगळ्यांना एकत्र करून बारा जण पुरणार नाहीत.

दुसरा आक्षेप संशोधकाच्या मनाचा. त्याला हवे तेच तो ऐकेल. ही भीती खरी आहे, म्हणून तर पद्धत लागते. बोलणे शब्दशः उतरवायचे, दोघांनी वेगवेगळे वाचून त्याची वर्गवारी करायची, मग मतभेद कुठे पडले ते पाहायचे, आपल्या निष्कर्षाला छेद देणारी मुलाखत मुद्दाम शोधायची, विचारणारा कोण होता, पुरुष की स्त्री, डॉक्टर की गावची आशा, हे लपवायचे नाही. असा अभ्यास प्रसिद्ध करताना काय काय सांगितलेच पाहिजे याची ३२ मुद्द्यांची एक यादी २००७ पासून आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत वापरली जाते. कथा-कादंबरीला अशी यादी लागत नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. साथ आलेली असताना गप्पा मारत कोण बसणार? २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला तेव्हा मृतदेहाच्या स्पर्शातून लागण होते हे माहीत होते. प्रेते पिशवीत बांधून पथके घेऊन जाऊ लागली, आणि घरचे लोक मृत्यू लपवू लागले. मानववंशशास्त्रज्ञांनी लोकांशी बोलून, अंत्यविधीतले काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही ते समजून घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत जाहीर केली. कुटुंबाला प्रार्थनेत, दफनात वाटा मिळाला. त्या साथीत ऐकण्यात गेलेला वेळ वाया गेला नाही.

तरीही प्रतिष्ठेचा प्रश्न सुटलेला नाही. २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एक गुणात्मक लेख परत पाठवताना, अशा लेखांना प्राधान्य नाही, त्यांचे दाखले फारसे दिले जात नाहीत, अशा अर्थाचे कारण दिले. ते पत्र जाहीर झाले आणि २०१६ मध्ये ११ देशांतील ७६ संशोधकांनी संपादकांना खुले पत्र लिहून धोरण बदलायची मागणी केली. लंडनमधला हा वाद महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचतो. प्रबंधाचा विषय मांडताना पहिला प्रश्न येतो, ‘सॅम्पल साइझ कोणत्या सूत्राने काढला?’ ज्या अभ्यासाला ते सूत्रच लागू नाही त्याचा विद्यार्थी काय सांगणार? तो शहाणपणा करतो, प्रश्नावली घेतो, २०० जणांना ‘हो’ किंवा ‘नाही’ विचारतो आणि पदवी घेऊन मोकळा होतो.

दोष केवळ आकडेवाल्यांचा नाही. गुणात्मक म्हणून जे चालते त्यातले पुष्कळसे फारच पातळ असते. संस्थांच्या बोलीत त्याला ‘एफजीडी’ म्हणतात आणि ती ‘उरकायची’ असते. ग्रामपंचायतीच्या खोलीत सकाळी अकराला दहा बायका गोळा करायच्या. अंगणवाडी सेविका शेजारी, सरपंचबाई खुर्चीवर. दोघी बोलतात, आठ जणी माना हलवतात. चहा-बिस्किटे होतात, सह्या होतात, फोटो निघतो. अहवालात त्याचे एक चौकटीतले वाक्य होते, तिरक्या अक्षरांत. पाळीविषयी, नवऱ्याच्या मारहाणीविषयी, पांढरे जाण्याविषयी कोणती बाई अशा खोलीत खरे बोलेल? गटचर्चेतून गावात काय बोलायची रीत आहे एवढे कळते. बाईचे खरे काय चालले आहे, ते भांडी घासताना, पाण्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येते. त्याला दिवस लागतात, त्या बोलीत वाढलेली मुलाखतकार लागते आणि तिला बरा पगार द्यावा लागतो. प्रस्तावातल्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी काट बसते ती नेमकी इथे.

भाषेचा मुद्दा तर कोणाच्या खिजगणतीतच नसतो. मुलाखत मराठीत, कधी गोंडीत किंवा भिलीत, विश्लेषण इंग्रजीत. मधल्या वाटेवर बाई हरवते. खेड्यात ‘माझं ऑपरेशन झालंय’ म्हणजे बहुतेक वेळा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. ‘पिशवीचं ऑपरेशन’ म्हणजे गर्भाशय काढणे. घाईत भाषांतर करणारा दोन्हीकडे एकच शब्द लिहू शकतो आणि मग पुढच्या कोणत्याही संगणकाला ती चूक सापडत नाही. ‘अंगावर जाणे’ हे पांढरेही असते आणि लालही. ‘अशक्तपणा’ रक्तातला की मनातला, हे इंग्रजी शब्द आधीच ठरवून टाकतो. मूळ मराठी उतारे जपून ठेवावेत, दुसऱ्या अभ्यासकाला ते पुन्हा वाचता यावेत, एवढी अटसुद्धा पैसे देणारे घालत नाहीत. गोपनीयता सांभाळून हे करता येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ च्या फेरीपासून गर्भाशय काढण्याचा प्रश्न घेतला, ही चांगलीच गोष्ट झाली. त्यात कारणही विचारले जाते. रकाने ठरलेले आहेत : पाळीत अतिरक्तस्राव किंवा वेदना, गाठी, अंग बाहेर येणे, कर्करोग, स्राव, इतर. निम्म्याहून अधिक स्त्रियांची उत्तरे पहिल्या रकान्यात जातात. अतिरक्तस्राव हे उत्तर वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असते, नोंदवणारीही प्रामाणिक असते. फडातून परतलेल्या बाईचे उत्तरही तिथेच जाईल, कारण ते ठरलेल्या यादीत बसवले जाते आणि त्या यादीत खाड्याचा दंड नसतो, कोपीजवळचे न मिळालेले पाणी नसते, ‘कॅन्सर होईल’ म्हणणारा डॉक्टर नसतो. हे रकाने वाढवायचे की नाही, हे पुढच्या प्रश्नावलीच्या बैठकीत ठरेल. त्या बैठकीआधी माजलगाव, केज, धारूरच्या पन्नास-साठ बायकांकडे, हंगाम संपून त्या गावी परतल्यावर, दोन-दोन वेळा जाऊन यायला फार तर एक उन्हाळा लागेल.